रेणूंची यादी, रेणूंचा नकाशा

आंतरतारकीय ढगांतील रसायनशास्त्र सामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचते ते बहुधा शोधांच्या बातम्यांमधून. अमुक ढगात मद्यार्क सापडला, तमुक ढगात साखरेच्या कुळातला रेणू सापडला, अशा बातम्या वाचून या क्षेत्रातील संशोधकांचे मुख्य काम म्हणजे रेणूंची यादी वाढवीत नेणे, असा समज होणे स्वाभाविक आहे. ही यादी आता 300 हून अधिक रेणूंची झाली असून तिचे मोल कमी नाही. परंतु या कामात वर्षे घालवलेल्या माणसाच्या लक्षात हळूहळू येते ते असे की, एखादा रेणू ढगात आहे एवढे कळल्याने त्या ढगाच्या रसायनशास्त्राविषयी फारच थोडे कळते. तो ढगाच्या कोणत्या भागात आहे, किती क्षेत्रावर पसरला आहे, कोणत्या रेणूंच्या सोबतीने आढळतो आणि कोणत्या रेणूंना टाळतो, हे समजल्याशिवाय तो तेथे कसा तयार झाला असावा याविषयी केलेले विधान अंदाजापलीकडे जात नाही.

हे मत प्रस्तुत लेखकाचे आहे आणि ते पुस्तकांपेक्षा कामातून बनलेले आहे. लेखकाचे शिक्षण रसायनशास्त्राचे, वास्तव्य वसई तालुक्यातील वटार येथे, आणि कामाचा मोठा भाग रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या नोंदी स्वच्छ करून त्यांतून रेणूंच्या वर्णरेषा वेगळ्या काढण्याचा आहे. वर्णरेषा म्हणजे एखादा रेणू ठरावीक वारंवारतेलाच जे प्रारण बाहेर टाकतो किंवा शोषून घेतो, त्याची वर्णपटातील खूण. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला या कामात प्रथम खटकते ती पदार्थाची अनुपस्थिती, कारण येथे नमुना हाती येत नाही, त्याला तापवता येत नाही, त्यात दुसरे काही मिसळून पाहता येत नाही आणि केलेला प्रयोग पुन्हा करता येत नाही. हाती येतात ते केवळ आकडे, आणि तेही ज्या ढगाविषयी बोलायचे त्याच्यापासून हजारो वर्षांपूर्वी निघालेल्या प्रारणाचे. तरीही ज्या रेणूंविषयी हे आकडे बोलतात ते परके नसतात. वटार-आगाशी पट्ट्यातील वाड्यांत राजेळी केळी पिकू लागली, की त्यांतून बाहेर पडणाऱ्या वासाच्या द्रव्यांमध्ये ॲसिटाल्डिहाइड हा रेणू अल्प प्रमाणात असतो. पोटात गेलेल्या ताडीतील मद्यार्काचे यकृतात रूपांतर होताना पहिला टप्पाही याच रेणूचा असतो. दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अणूंच्या या साध्या रेणूभोवतीच पुढील विवेचन बव्हंशी फिरते, कारण महाराष्ट्राच्या भूमीवरून झालेल्या आंतरतारकीय रसायनशास्त्राच्या एका उत्तम कामाचा नायक तोच आहे.

ज्या ढगांत तारे जन्माला येतात त्यांना रेण्वीय ढग म्हणतात, कारण त्यांतील हायड्रोजन सुट्या अणूंच्या नव्हे तर दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो. अशा ढगाच्या दाट गाभ्यात एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत हायड्रोजनचे रेणू असतात. समुद्रसपाटीवरील हवेत तेवढ्याच जागेत 25 वर अठरा शून्ये इतके रेणू मावतात हे लक्षात घेतले, तर ज्याला खगोलशास्त्रज्ञ दाट म्हणतात तो ढग प्रयोगशाळेतील नेहमीच्या निर्वात पंपाने साधलेल्या पोकळीपेक्षाही विरळ असतो, हे ध्यानात येईल. तापमान 10 केल्विनच्या आसपास, म्हणजे शून्याखाली सुमारे 263 अंश सेल्सिअस. अशा विरळ आणि थंड जागी एखाद्या रेणूची दुसऱ्याशी गाठ पडण्यास काही दिवस लागतात, आणि गाठ पडली तरी बहुतेक रासायनिक अभिक्रियांना सुरुवातीला जी थोडी ऊर्जा लागते ती तेथे उपलब्ध नसते. पाठ्यपुस्तकातील रसायनशास्त्र प्रमाण मानले तर या ढगांत काहीच घडू नये, आणि 1960 च्या दशकापर्यंत बहुतेकांची अपेक्षा जवळपास तशीच होती. 1937 ते 1941 या काळात ताऱ्यांच्या प्रकाशात दोन-दोन अणूंच्या काही मोजक्या रेणूंच्या रेषा ओळखल्या गेल्या होत्या, परंतु त्याहून मोठे काही टिकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

अपेक्षेचा हा बांध फुटला तो रेडिओ दुर्बिणींमुळे. 1963 मध्ये हायड्रॉक्सिल, 1968 मध्ये अमोनिया, 1969 मध्ये पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, 1970 मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल असे रेणू एकामागून एक सापडत गेले. रेडिओ लहरींनाच हे का साधले याचे उत्तर रेणूंच्या परिवलनात, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यात आहे. रेणूला हव्या त्या वेगाने फिरता येत नाही. त्याच्या परिवलनाच्या ऊर्जापातळ्या ठरलेल्या असतात आणि एका पातळीवरून खालच्या पातळीवर येताना तो त्या दोहोंतील फरकाइतक्या ऊर्जेचे प्रारण बाहेर टाकतो. हे फरक इतके लहान असतात की 10 केल्विनच्या थंडीतही त्यांना पुरेशी ऊर्जा मिळते, आणि ते प्रारण रेडिओ किंवा मिलिमीटर लहरींच्या रूपात, ढगातील धुळीला न जुमानता बाहेर पडते. प्रत्येक रेणूच्या पातळ्यांचा साचा त्याच्या आकारमानावर आणि अणूंच्या मांडणीवर अवलंबून असल्याने दोन भिन्न रेणूंच्या साऱ्या रेषा सारख्या असणे अशक्य असते. ओळख पटवण्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

थंडीत अभिक्रिया कशा घडतात या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर 1973 मध्ये एरिक हर्बस्ट आणि विल्यम क्लेम्परर यांनी मांडले. ढगाच्या आत ताऱ्यांचा प्रकाश पोहोचत नसला तरी वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून अतिवेगाने येणारे विद्युतभारित कण, तेथपर्यंत जातात आणि अधूनमधून हायड्रोजनच्या एखाद्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवून लावतात. असा भारित रेणू दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भेटला की तीन हायड्रोजन अणूंचा एक धनभारित आयन तयार होतो, आणि हा आयन आपल्याजवळील जादा प्रोटॉन कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांपैकी जो भेटेल त्याला देऊन टाकतो. आयन आणि रेणू यांच्यात विद्युत आकर्षण असल्याने या अभिक्रियांना सुरुवातीच्या ऊर्जेची गरज सहसा पडत नाही, म्हणून त्या कितीही थंडीत चालू राहतात. या सिद्धान्ताच्या आधी, 1970 मध्ये, 89 गिगाहर्ट्झच्या आसपास एक अनोळखी रेषा सापडली होती आणि तिच्या धन्याचा पत्ता नसल्याने तिला एक्सोजेन असे कामचलाऊ नाव पडले होते. ती कार्बन मोनॉक्साइडला प्रोटॉन जोडून झालेल्या आयनाची असावी असे क्लेम्परर यांनी सुचवले आणि 1975 मध्ये प्रयोगशाळेत तो आयन तयार करून मोजल्यावर ते खरे ठरले. मूळचा तीन हायड्रोजनांचा आयन मात्र रेडिओ रेषा देत नाही, कारण त्याच्या सममित रचनेमुळे त्याला कायमचे विद्युत द्विध्रुव नसते. 1996 मध्ये टॉमस गेबॅले आणि ताकेशी ओका यांनी अवरक्त प्रकाशात त्याच्या शोषणरेषा पकडल्या, तेव्हा सिद्धान्ताच्या मुळाशी असलेला हा दुवा प्रत्यक्ष दिसला.

वायूतील या अभिक्रियांनी लहान रेणूंचा उलगडा झाला, मोठ्यांचा झाला नाही. त्यासाठी धुळीकडे वळावे लागते. ढगाच्या वस्तुमानात धुळीचा वाटा सुमारे एक टक्का असतो, पण तिच्याविना ढगच रेण्वीय झाला नसता. दोन हायड्रोजन अणू मोकळ्या पोकळीत एकमेकांना भेटले तर बंध जुळताना सुटणारी सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा टाकायला त्यांना जागा मिळत नाही आणि ते पुन्हा विलग होतात. धूलिकणाच्या पृष्ठभागावर मात्र ती ऊर्जा कण स्वतःकडे घेतो आणि रेणू सुखरूप सुटतो. तापमान 20 केल्विनच्या खाली गेले की कार्बन मोनॉक्साइडही या कणांवर गोठून बसतो, आणि त्यावर एकेक हायड्रोजन अणू येऊन चिकटत गेला की क्रमाने फॉर्माल्डिहाइड आणि मग मिथेनॉल बनते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात नाओकी वातानाबे आणि अकिरा कोउची यांनी 2002 मध्ये हा क्रम प्रयोगशाळेतील बर्फावर घडवून दाखवला. पुढे जवळपास एखादा तारा पेटू लागला आणि बर्फाचे तापमान 100 केल्विनच्या आसपास गेले, की हे कवच वायूत मोकळे होते. तारा जन्मणाऱ्या अशा लहानशा, उबदार आणि रेणूंनी गजबजलेल्या जागेला उष्ण गाभा म्हणतात. मोठ्या सेंद्रिय रेणूंचे घर म्हणजे उष्ण गाभा, हे समीकरण यातून रूढ झाले. ते बरेचसे बरोबर आहे, आणि म्हणूनच ज्या रेणूने ते मोडले त्याची कथा अधिक महत्त्वाची ठरते.

धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या केंद्राजवळ आणि पृथ्वीपासून सुमारे 26 ते 27 हजार प्रकाशवर्षांवर सॅजिटेरियस बी2 नावाचा एक अवाढव्य रेण्वीय ढग आहे. त्याचे वस्तुमान काही दशलक्ष सूर्यांएवढे असून आकाशात सापडलेल्या सेंद्रिय रेणूंपैकी पुष्कळांचा पहिला पत्ता हाच आहे. ॲसिटोन, मिथिल फॉर्मेट, ॲसिटिक आम्ल यांसारखे मोठे रेणू या विशाल ढगाच्या उत्तर भागातील एका अगदी छोट्या उष्ण गाभ्यात एकवटलेले आढळतात. ॲसिटाल्डिहाइडही याच ढगात 1970 च्या दशकाच्या आरंभी 1065 मेगाहर्ट्झ वारंवारतेला, म्हणजे सुमारे 28 सेंटिमीटर तरंगलांबीला, सापडले होते. ही वारंवारता एवढी कमी का, याचे कारण असे की ॲसिटाल्डिहाइडचा रेणू किंचित असममित आहे आणि त्यामुळे त्याची एक परिवलन पातळी दोन अगदी जवळच्या पातळ्यांत दुभंगते. या दोहोंतील चिमुकल्या फरकाची ही रेषा आहे. परंतु एकाच थाळीच्या दुर्बिणीला एवढ्या लांब लहरींवर बारकावा दिसत नाही. तिला त्या दिशेच्या बऱ्याच मोठ्या भागातून येणारी एकत्रित बेरीज तेवढी मिळते. रेणू यादीत आला, पण ढगात तो कुठे आहे हे तीस वर्षे नीट कळले नाही.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, नारायणगावाजवळ, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही महादुर्बीण अशा प्रश्नासाठीच जणू घडली होती, जरी तिची आखणी करताना सेंद्रिय रेणूंचा विचार मुख्य नव्हता. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत, तर उरलेल्या 16 तीन भुजांवर सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. दूरच्या थाळ्यांच्या जोड्या बारीक तपशील टिपतात आणि जवळच्या जोड्या विस्तीर्ण, पातळ पसरलेले प्रारण टिपतात. एकाच निरीक्षणात या दोन्ही गोष्टी मिळणे दुर्मीळ असते. त्यात भूगोलाचीही मदत आहे. खोडदचे अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर आणि आकाशगंगेचे केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे 29 अंश दक्षिणेला, त्यामुळे सर्वोच्च स्थानी असताना ते खोडदहून क्षितिजावर 40 अंशांहून अधिक उंच येते, जे उत्तरेकडील अनेक मोठ्या दुर्बिणींच्या नशिबी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील जयराम चेंगलूर आणि त्यांचे सहकारी निस्सिम काणेकर यांनी या दुर्बिणीने ॲसिटाल्डिहाइडच्या 1065 मेगाहर्ट्झ रेषेचा नकाशा तयार केला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा बारकावा सुमारे चार विकलांचा होता. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग.

अशा नकाशामागचे काम बाहेरून जसे दिसते त्याहून कितीतरी अधिक रटाळ असते, आणि ते रटाळ आहे हे सांगण्यात काही कमीपणा नाही. 960 ते 1215 मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा पट्टा विमानांना जमिनीवरील केंद्रापासूनचे अंतर मोजण्यासाठी दिलेला आहे. 1065 मेगाहर्ट्झ त्याच पट्ट्यात येते. 27 हजार प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या संकेताच्या तुलनेत विमानाचा संकेत इतका प्रचंड असतो की काही सेकंदांत सारी नोंद गढूळ होते. अशा नोंदी शोधून बाद करणे, ज्याला या व्यवसायात फ्लॅगिंग म्हणतात, यातच कामाचे बहुतांश तास जातात. नवख्याला वाटते की संगणकाने हे आपोआप करावे, आणि तो ते करतोही, पण संगणकाला क्षीण रेषा आणि क्षीण अडथळा यांतला फरक नेहमी कळत नाही, म्हणून थाळ्यांच्या एकेका जोडीची नोंद डोळ्यांखालून घालावी लागते. बाद करण्याचा हात सैल ठेवला तर खोट्या रेषा उगवतात आणि घट्ट ठेवला तर खऱ्या रेषेचाच बळी जातो. वटारला घरी बसून ही निवड करताना, मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज कानी आला की त्यातली विसंगती जाणवल्याशिवाय राहत नाही.

नोंदी स्वच्छ झाल्यावर त्यांचे अंशशोधन होते. ज्यांची तीव्रता पक्की माहीत आहे अशा दूरच्या रेडिओ स्रोतांकडे, उदाहरणार्थ 3सी 286 किंवा 3सी 48 यांच्याकडे, दुर्बीण अधूनमधून वळवलेली असते, आणि त्यांच्या मोजमापावरून प्रत्येक थाळीची, प्रत्येक वारंवारतेवरची लहानमोठी खोड दुरुस्त केली जाते. रेषेच्या कामात वारंवारतेनुसार होणारी दुरुस्ती निर्णायक ठरते, कारण ॲसिटाल्डिहाइडची रेषा भोवतालच्या सलग प्रारणाच्या मानाने इतकी अशक्त असते की यंत्रातली बारीक लाटही रेषेचे सोंग आणू शकते. त्यानंतर येतो वेगाचा हिशेब. सॅजिटेरियस बी2 सेकंदाला साधारण 60 ते 65 किलोमीटर वेगाने दूर जात आहे, त्यामुळे त्याची रेषा प्रयोगशाळेतील मूल्यापेक्षा 0.2 मेगाहर्ट्झहून थोडी अधिक खाली सरकलेली दिसते. हा डॉप्लर सरकाव होय, म्हणजे स्रोताच्या गतीमुळे वारंवारतेत होणारा बदल. शिवाय पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरत असल्याने तीच रेषा मे महिन्यात आणि नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या जागी येऊ शकते. हा हिशेब हाती असणे हे ओझे नसून कसोटी आहे. विमानाचा किंवा मोबाइलच्या मनोऱ्याचा अडथळा पृथ्वीच्या कक्षेप्रमाणे सरकत नाही, आकाशातली रेषा सरकते. रेषा खरी की खोटी याचा याहून साधा आणि याहून कठोर निवाडा लेखकाला दुसरा माहीत नाही.

खोडदच्या नकाशात जे दिसले ते रूढ समजाला धक्का देणारे होते. इतर मोठे सेंद्रिय रेणू ज्या छोट्या गाभ्यात बंदिस्त आहेत त्याच्या किमान शंभरपट विस्तारावर ॲसिटाल्डिहाइड पसरलेले आढळले. ते जेथे दिसले तेथे, स्थानाच्या आणि वेगाच्या अशा दोन्ही दृष्टींनी, फॉर्माल्डिहाइडच्या शोषणरेषांशी त्याचे उत्तम जुळत होते, याचा अर्थ हे दोन रेणू एकाच वायूत आहेत. गाभ्यातील ऊब बर्फ वितळवते आणि रेणू बाहेर येतात हे स्पष्टीकरण इतक्या विस्तीर्ण, बव्हंशी थंड प्रदेशाला लागू पडत नाही, कारण तेवढा प्रदेश तापवणारा तारा तेथे नाही. चेंगलूर आणि काणेकर यांनी त्यासाठी धक्कातरंगांकडे बोट दाखवले. ढगांची एकमेकांशी टक्कर होते, तारे वायूचे झोत फेकतात, आणि ध्वनीपेक्षा वेगाने धावणाऱ्या अशा वायूच्या आघाताने धूलिकणांवरचे बर्फाचे कवच न तापताही झडून वायूत मिसळते. आकाशगंगेच्या केंद्राजवळ सिलिकॉन मोनॉक्साइड हा रेणूही विस्तृतपणे आढळतो, आणि धूलिकणांची झीज झाल्याशिवाय सिलिकॉन सहसा वायूत येत नाही, हे लक्षात घेतले तर धक्क्यांचे स्पष्टीकरण अधिक पटते. धुळीच्या पृष्ठभागाखेरीज ॲसिटाल्डिहाइड वायूतही, इथिल मूलक आणि ऑक्सिजन अणू यांच्या संयोगाने, बनू शकते, म्हणून त्याचा सगळा साठा बर्फातूनच आला असे ठामपणे म्हणणे घाईचे होईल. नकाशाने पर्याय कमी केले, संपवले नाहीत.

या नकाशाला एक मर्यादाही आहे आणि ती समजून घेतल्याविना तो वाचणे धोक्याचे आहे. ॲसिटाल्डिहाइडच्या या दोन जवळच्या पातळ्यांपैकी वरच्या पातळीत रेणूंची गर्दी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त असावी असे दिसते, आणि अशा वेळी रेणू मागून येणाऱ्या रेडिओ प्रारणात थोडी भर घालून ते पुढे पाठवतो. परिणामी रेषा दिसते ती जेथे पाठीमागे आयनीभूत वायूचे तेजस्वी प्रारण आहे तेथेच. जेथे मागे उजेड नाही तेथे रेणू असूनही दिसणार नाही. म्हणजे हा नकाशा एकाच वेळी रेणूचा आणि त्याच्यामागील उजेडाचा आहे, आणि शंभरपट हा आकडा खालची मर्यादा आहे, वरची नाही. कोणताही नकाशा हाती आला की त्यात काय दिसू शकलेच नसते हा प्रश्न आधी विचारायचा, ही सवय लेखकाला या एका कामाने लावली, आणि ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळालेल्या कोणत्याही शिस्तीइतकीच उपयोगी पडली आहे.

योगायोग असा की त्याच 2003 साली सॅजिटेरियस बी2 सह तीन ढगांत ग्लायसीन, म्हणजे प्रथिनांचा घटक असलेले सर्वांत साधे ॲमिनो आम्ल, सापडल्याचा दावा मिलिमीटर लहरींवरील निरीक्षणांतून करण्यात आला आणि तो जगभर गाजला. दोन वर्षांनी लुईस स्नायडर आणि सहकाऱ्यांनी त्याची कसून तपासणी केली, तेव्हा ग्लायसीन असेल तर ज्या इतर रेषा दिसायलाच हव्यात त्या दिसत नाहीत असे आढळले आणि दावा टिकला नाही. मिलिमीटर लहरींवर सॅजिटेरियस बी2 चा वर्णपट एवढा दाट असतो की हव्या त्या वारंवारतेला कोणती ना कोणती रेषा सापडतेच. एक रेषा जुळली म्हणून रेणू ओळखला असे मानणे तेथे आत्मघातकी ठरते. कमी वारंवारतेवर रेषा विरळ आणि अशक्त असतात, त्या मिळवायला कष्ट पडतात, पण मिळालेल्या रेषेच्या ओळखीविषयी वाद क्वचितच होतो. त्यानंतर ग्लायसीन धूमकेतूंत मिळाले, वाइल्ड 2 च्या स्टारडस्ट मोहिमेने आणलेल्या नमुन्यांत आणि 67पी धूमकेतूभोवती फिरलेल्या रोझेटा यानाच्या मोजमापांत. ताऱ्यांच्या जन्मस्थानी मात्र त्याची खात्रीशीर ओळख पटलेली नाही. 2008 मध्ये सॅजिटेरियस बी2 मध्ये सापडलेले ॲमिनोॲसिटोनायट्राइल हे रासायनिक दृष्ट्या त्याचे जवळचे नातलग आहे, एवढेच.

या पार्श्वभूमीवर जीवसृष्टीचा उगम अवकाशात शोधण्याची मराठी वाचकाची उत्सुकता लेखकाला समजते, पण तिची घाई पटत नाही. जयंत नारळीकर यांच्यासारख्या थोर वैज्ञानिकाने या विषयात रस घेतला, हैदराबादच्या बलून केंद्रातून सोडलेल्या बलूनांतून समतापमंडळातील हवेचे नमुने आणवून त्यांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास घडवून आणला, आणि हे सारे मराठीत लिहून सांगितले, त्यामुळे ही उत्सुकता इथे अन्य भाषांपेक्षा अधिक रुजली असावी. परंतु ढगातल्या ॲसिटाल्डिहाइडपासून पेशीपर्यंतची वाट इतकी लांब आहे की पहिल्या पावलालाच शेवटच्या पावलाचे श्रेय देणे रसायनशास्त्राला धरून नाही. याउलट, हैदराबादच्या त्याच बलून केंद्रातून टाटा संस्थेची एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण अनेकदा उडाली आणि जपानी वर्णपटमापकाच्या साहाय्याने तिने तारे जन्मणाऱ्या ढगांच्या कडेच्या आयनीभूत कार्बनची 158 मायक्रॉनची रेषा मोजली. ढगाच्या कडेला ताऱ्यांचा अतिनील प्रकाश रेणू फोडतो, त्यातून हा कार्बन येतो, आणि त्याच रेषेतून वायू आपली उष्णता गमावतो. हे काम रेणूंच्या यादीत एकाही नावाची भर घालत नाही, आणि तरीही रेणू कोठवर टिकतात याची सीमा तेच आखते. लेखकाच्या मते त्याला मिळालेली प्रसिद्धी त्याच्या मोलाच्या मानाने फारच तोकडी आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे हजारो विद्यार्थी परिवलन वर्णपटशास्त्र शिकतात, त्यातील सूत्रे परीक्षेत लिहितात, आणि या सूत्रांवर चालणारी जगातील एक अग्रगण्य दुर्बीण आपल्याच राज्यात आहे हे बहुतेकांना शिक्षण संपेपर्यंत कोणी सांगत नाही. खगोलशास्त्र हा भौतिकशास्त्राचा प्रांत, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. रेणूंच्या नकाशांचे काम मात्र ज्याला अभिक्रियांची जाण आहे त्याची वाट पाहत असते. अद्ययावत झालेल्या जीएमआरटीचा सर्वांत वरचा पट्टा 1050 ते 1450 मेगाहर्ट्झचा आहे आणि ॲसिटाल्डिहाइडची रेषा त्याच्या खालच्या कडेला बसते. मिथेनॉलची 834 मेगाहर्ट्झची रेषा, जिच्यामुळे तो रेणू 1970 मध्ये आकाशात पहिल्यांदा ओळखला गेला, 550 ते 850 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते. या दुर्बिणीने घेतलेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात, त्या वापरण्यासाठी खोडदला राहावे लागत नाही, आणि वटारसारख्या गावातूनही हे काम होऊ शकते हे लेखकाने अनुभवले आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला तरी प्रकल्पासाठी या नोंदींकडे पाठवावे, आणि त्याआधी वर्गाला घेऊन राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, 28 फेब्रुवारीला, खोडदला भरणारे प्रदर्शन एकदा पाहून यावे.